जेवणावरचा दुबार सारा

मनुष्यस्वभावात ज्या काही अगम्य गोष्टी विधात्याने पेरून ठेवल्या आहेत त्यांत, एकदा चुकते केलेले देणे स्वसंतोषाने पुन्हा चुकते करण्याची हौस, ही एक होय. ज्या मुलखात सारा एकदाच भरतानाही शेतकरी कुरकुरतो, आणि पावती हाती पडल्यावरदेखील तलाठ्याच्या दप्तराकडे संशयाने पाहत घरी परततो, त्या मुलखात वाढलेल्या माणसाला दुबार सारा मागणारा अंमलदार कल्पनेने का होईना उभा करता येईल. परंतु दुबार सारा भरावयास मिळावा म्हणून रांग लावून उभी राहिलेली, आणि आपला क्रमांक येण्यापूर्वी जागा संपतील की काय या धास्तीने टाचा उंचावून पाहणारी रयत मात्र त्याच्या कल्पनेत मावणार नाही. ती प्रत्यक्ष पाहावयाची असल्यास बार्सेलोना बंदरातून सुटणाऱ्या एखाद्या मोठ्या क्रूझवर पहिल्या दिवशी दुपारी चढावे. तिकिटाच्या रकमेत सकाळच्या न्याहारीपासून मध्यरात्रीच्या पिझ्झ्यापर्यंत सर्व काही अंतर्भूत आहे, कितीही खावे, कितीदाही खावे, कोणी हिशेब ठेवणार नाही, अशी सनद प्रत्येकाच्या हाती असते. आणि असे असूनही, बॅगा अद्याप खोलीपर्यंत पोचलेल्या नसताना, गळ्यातली कार्डे सावरीत हे सनदधारक बोटीच्या मधल्या चौकातल्या एका मेजापुढे गर्दी करतात, ते केवळ एवढ्यासाठी की, ज्या जेवणाचे पैसे घरून निघण्यापूर्वीच दिले आहेत त्याच जेवणाचे पैसे आणखी एकदा घेण्याची मेहेरबानी कंपनीने करावी.

या दुबार साऱ्याची जी ठाणी बोटीवर जागोजाग बसवलेली असतात त्यांना स्पेशॅलिटी रेस्टॉरंट अशी संज्ञा आहे. तिकिटात धरलेले मुख्य भोजनगृह निराळे. ते दोन-तीन मजली असते, त्याला झुंबरे असतात आणि तेथे शेकडो माणसांची पंगत एका वेळी उठते. वरच्या मजल्यावर बुफे असतो, तेथे तर पंगतही नाही आणि दंडकही नाही. यांखेरीज एक स्टेकहाउस, एक इटालियन, एक जपानी, बोट फारच कुलीन असली तर एक फ्रेंच, अशी ही खास दालने, आणि प्रत्येकाच्या दारात माणशी सुमारे ४० ते ६० डॉलरांची पट्टी. २०२४ साली प्रवासी घेऊन निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या अगडबंब नौकेवर खाण्यापिण्याची २० हून अधिक ठिकाणे आहेत, आणि त्यांपैकी एका छोटेखानी दालनात आठ पदार्थांचे जेवण जाझ संगीताच्या साथीने जेवावयाचे तर माणशी सुमारे २०० डॉलर वेगळे मोजावे लागतात. यातली गंमत अशी की, फुकटच्या भोजनगृहात एका माणसाने तीन सूप आणि चार मिष्टान्ने मागितली तरी वाढप्याच्या भुवईचा केस हलत नाही, आणि विकतच्या दालनात मात्र सर्व मोजूनमापून येते. अमर्याद अन्न मोफत आणि मर्यादित अन्न विकत, असा हा जमाखर्च आहे. आणि तो कोणालाही चमत्कारिक वाटत नाही, याचे कारण तेथे अन्न विकत घेण्यासाठी कोणी जातच नाही. जाणारा विकत घेतो ते शेजारच्या मेजापासूनचे चार हातांचे अधिक अंतर.

हा शोध आजकालच्या अमेरिकन व्यापाऱ्यांनी लावला, असा समज कोणी करून घेऊ नये. आगबोटींच्या पहिल्या जमान्यात पहिल्या वर्गाचे उतारू देखील एकाच दालनात, ठरल्या वेळी, जमिनीला खिळलेल्या फिरत्या खुर्च्यांवर बसून, मुदपाकखान्यातून येईल ते निमूटपणे जेवत असत. १९०५ साली हँबुर्ग-अमेरिका कंपनीने ‘अमेरिका’ नावाची बोट पाण्यात आणली, आणि कंपनीचे धुरीण आल्बर्ट बालिन यांनी, लंडनच्या कार्लटन हॉटेलातील भोजनाची आणि सेझार रिट्झ यांच्या व्यवस्थेची ख्याती मनात धरून, त्या बोटीवर रिट्झ-कार्लटन नावाचे निराळे उपाहारगृह उघडले. तेथे वाटेल त्या वेळी जावे, यादीतून हवे ते मागवावे आणि त्याचे पैसे वेगळे द्यावेत. पहिल्या वर्गाच्या भाड्यात जेवण होतेच. तरीही दुसऱ्यांदा पैसे देऊन जेवणारे निघाले, आणि इतके निघाले की प्रतिस्पर्धी कंपन्यांना स्वस्थ बसवेना. १९१२ सालच्या ‘टायटॅनिक’वर लुइजी गात्ती या इटालियन गृहस्थाने चालवलेले असेच एक दालन होते, त्याला उतारू लाडाने ‘रिट्झ’च म्हणत. १४ एप्रिलच्या त्या अखेरच्या संध्याकाळी कप्तान स्मिथ जेवले ते याच दालनात, परंतु फिलाडेल्फियाच्या वायडनर कुटुंबाचे पाहुणे म्हणून. म्हणजे या दुबार साऱ्यातून निदान कप्तानाला तरी माफी होती.

त्या दालनाच्या भिंतींना अक्रोडी लाकडाचे नक्षीदार तक्ते होते. टायटॅनिकची थोरली बहीण ‘ऑलिंपिक’ हिच्यावरही तसेच दालन होते. ती बोट १९३५ साली मोडीत निघाली तेव्हा तिचे तक्ते लिलावात गेले, कुणा इंग्रजाच्या घराच्या भिंतींना काही दशके शोभा देत राहिले, आणि सन २००० मध्ये ‘सेलेब्रिटी मिलेनियम’ या नव्या क्रूझवर ‘ऑलिंपिक’ याच नावाच्या विकतच्या उपाहारगृहात पुन्हा समुद्रावर आले. माणसे बदलली, कंपन्या बुडाल्या, बोटी भंगारात गेल्या. लाकूड मात्र ज्या कामावर नेमले होते त्याच कामावर पुन्हा रुजू झाले. सरकारी नोकरीत देखील इतकी निष्ठा आढळत नाही.

आमची समजूत अशी आहे की, बोट ही मूळची वर्णव्यवस्थेची वस्तू आहे आणि तिच्यातून वर्ण काढून टाकला तर ती तो दुसऱ्या दाराने परत आणते. जुन्या आगबोटीवर पहिला, दुसरा आणि तिसरा वर्ग यांच्यामध्ये कुलपे लावलेले दरवाजे होते. कोणी कोणाचे ताट पाहण्याचा संभव नव्हता. आजच्या क्रूझवर सर्वांना एकाच शिडीने चढवतात, सर्वांच्या गळ्यात एकाच आकाराचे कार्ड अडकवतात, सर्वांना एकाच तलावात बुचकळतात. आणि मग या समतेने कासावीस झालेल्या उतारूंना, संध्याकाळी सहानंतर का होईना, आपण इतरांपेक्षा चार बोटे उंच आहो याचा काही तरी पुरावा लागतो. तो पुरावा देण्याची दोन साधने कंपनीपाशी आहेत: एक जेवणाचे ठिकाण, आणि दुसरे जेवणाचा पोशाख. २००४ सालच्या ‘क्वीन मेरी २’ ने तर फारसा आडपडदाही ठेवलेला नाही. तिच्यावर तुमची खोली कोणत्या दर्जाची, यावर तुम्ही ‘ब्रिटानिया’त जेवणार, ‘प्रिन्सेस ग्रिल’मध्ये की ‘क्वीन्स ग्रिल’मध्ये, हे ठरते. जुने घराणे असल्यामुळे तिला संकोच वाटत नाही.

पोशाखाचे प्रकरण याहून जुने आणि याहून गुंतागुंतीचे. फ्रेंच कंपनीच्या बोटींवर भोजनगृहात उतरण्यासाठी मुद्दाम भव्य जिना बांधीत, आणि त्याचा उपयोग खाली जाण्यापेक्षा खाली जाताना दिसण्यासाठी अधिक होत असे. १९३५ सालच्या ‘नॉर्मंडी’चे भोजनगृह ९३ मीटर लांब होते, म्हणजे व्हर्सायच्या राजवाड्यातील आरसेमहालापेक्षाही लांब, खिडकी एकही नाही, आणि सारा उजेड लालिक यांनी घडवलेल्या काचेच्या स्तंभांचा. समुद्राच्या मध्यभागी बसून समुद्र अजिबात दिसू नये अशी तजवीज ज्यांनी एवढ्या खर्चाने केली, त्यांना उतारूंनी एकमेकांकडेच पाहावे हे अभिप्रेत होते यात शंका नाही. इंग्रजांनी आपल्या १९३६ सालच्या ‘क्वीन मेरी’वर एवढी सवलत ठेवली की, भोजनगृहाच्या भिंतीवर अटलांटिकचा एक प्रचंड नकाशा रंगवून त्यावर स्फटिकाची इवलीशी बोट सरकती ठेवली, जेणेकरून ज्याला शेजारणीच्या मोत्यांकडे पाहण्याचा कंटाळा आला असेल त्याला आपण कोठवर आलो ते समजावे. त्याच बोटीवर ‘व्हरांडा ग्रिल’ नावाचे जादा पैशाचे दालन होतेच, हे सांगणे नलगे.

त्या काळच्या शिष्टाचारात एक नियम मात्र मोठा शहाणपणाचा होता. प्रवासाच्या पहिल्या आणि शेवटच्या रात्री भोजनाचा पोशाख करावयाचा नाही; कारण पहिल्या रात्री पेट्या उघडलेल्या नसतात आणि शेवटच्या रात्री त्या बांधलेल्या असतात. जो या दोन रात्री काळा कोट घालून खाली येई, तो नवशिका, हे बाकीचे न बोलता ठरवून टाकीत. म्हणजे पोशाख न करणे हीसुद्धा परीक्षाच होती.

मुंबईच्या माणसाला ही परीक्षा ठाऊक झाली ती ‘पी अँड ओ’ कंपनीच्या बोटींवर. या कंपनीच्या भोजनगृहांतले वाढपी आणि आचारी गोव्याचे असत, ही गोष्ट आमच्या पुढल्या विवेचनासाठी वाचकांनी ध्यानात ठेवावी. एडनच्या पुढे लाल समुद्रात उकाडा असा होई की गळ्याशी बांधलेली पांढरी कॉलर सूप येण्यापूर्वीच ओलीचिंब व्हावी. तरी पोशाख हा पोशाख. अखेरीस साहेबाने तडजोड काढली ती अशी, की कोट तेवढा काढावयाचा, आणि पांढरा सदरा, काळी विजार व कमरेला रेशमी कमरबंद एवढ्यावर भागवावयाचे. हा कमरबंद हिंदुस्थानातील छावण्यांत गोऱ्या अंमलदारांनी वेस्टकोटाच्या जागी आमच्याकडूनच उचललेला. आज तो अटलांटिकवरच्या गारठ्यातही टक्सीडोबरोबर बांधला जातो, आणि आमचे लोक तो परदेशी समजून लक्ष्मी रोडवर भाड्याने आणतात.

या परीक्षेला जे सर्वांत प्रसिद्ध हिंदी विद्यार्थी बसले ते अर्थात मोहनदास करमचंद गांधी. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते मुंबईहून बोटीत बसले. काटे-चमचे कसे धरावेत हे ठाऊक नाही आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचा धीर नाही, म्हणून मेजावर जेवावयास गेलेच नाहीत, बरोबर बांधून आणलेली मिठाई आणि फळे खोलीत बसून खाल्ली, हे त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवले आहे. बोटीवर काळा सूट वापरला आणि पांढऱ्या फ्लॅनेलचा खास उतरण्याच्या दिवसासाठी राखून ठेवला. तो घालून सप्टेंबरच्या अखेरीस, त्यांच्याच आठवणीप्रमाणे, साउदॅम्प्टनच्या धक्क्यावर उतरले तो त्या वेषात एकटेच. पुढे या गृहस्थाने पोशाखाच्या प्रश्नाचा जो कायमचा निकाल लावला आणि १९३१ साली ‘राजपुताना’ बोटीवरून पंचा नेसून विलायतेस गेले, त्याच्या मुळाशी साउदॅम्प्टनचा तो फ्लॅनेल कितपत होता, याचा शोध चरित्रकारांनी घ्यावा. एवढे खरे की, घरचे लाडू खोलीत बसून खाण्याची जी प्रथा त्यांनी घातली ती आजही आमच्या लोकांनी निष्ठेने चालवली आहे. फरक इतकाच की आता त्यांत भडंग आणि मेथीचे ठेपले यांची भर पडली आहे.

काळाचा महिमा असा, की ज्या ‘पी अँड ओ’च्या बोटींवर हिंदी माणसाला काय खावे हा प्रश्न पडे, त्याच नावाच्या आजच्या कंपनीने २०१० साली ‘अझुरा’ बोटीवर ‘सिंधू’ नावाचे विकतचे हिंदी उपाहारगृह काढले, आणि त्याच्या पाकशास्त्राची सूत्रे मिशेलिनचा तारा प्रथम मिळवलेल्या भारतीय शेफांपैकी एक, अतुल कोचर, यांच्या हाती दिली. इंग्रज तेथे जादा पट्टी भरून, कपडे करून, आमची आमटी जेवतो.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. आम्ही स्वतः अशा क्रूझवर गेलो तेव्हा आमच्या सोबत जी पुण्या-मुंबईची मंडळी होती तिच्यात, कोणत्या खास दालनात जावे, या विषयावर दोन रात्री जो खल झाला त्याची बारनिशी ठेवली असती तर एखादे फडताळ भरले असते. एक पक्ष मूळ तत्त्वाचा होता. “जेवणाचे पैसे भरलेत ना? मग पुन्हा कसले?” हा त्याचा एकमेव मुद्दा, आणि तो अखेरपर्यंत कोणाला खोडता आला नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, इतक्या लांब आलो आहोत तर एकदा बघून तरी घ्यावे. डोंबिवलीच्या एक काकू गणितात पक्क्या होत्या. “अहो, साठ डॉलर म्हणजे पाच हजार झाले की! पाच हजारांत आमच्या अख्ख्या सोसायटीला सत्यनारायणाचा प्रसाद पुरतो,” असे त्या म्हणाल्या, आणि रांगेत सर्वांच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. मंडळीत एक आजोबा होते. त्यांनी तरुणपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटीने पुष्कळ प्रवास केला होता आणि त्या बोटीत जो तो आपली भाकरी-चटणी आपल्या गाठोड्यात घेऊन चढे. बोटीवर जेवण मिळते हीच गोष्ट त्यांना मुळात संशयास्पद वाटत असल्यामुळे ते या वादात कोणत्याच बाजूने पडले नाहीत.

शाकाहारी माणसाने स्टेकहाउसात जाऊ नये, हे सांगण्यासाठी लेख लिहावा लागू नये. परंतु जाणारे जातात. तेथे त्यांना साठ डॉलरांत एक भाजलेला बटाटा, लोण्यात घोळलेली पालकाची भाजी आणि आळिंबी मिळते, आणि वाढपी ती तीन पात्रे अशा काही करुणेने पुढे ठेवतो की, जेवणाऱ्याला आपण आजारी आहोत असे वाटू लागते. फ्रेंच दालनात ताट मोठे आणि मजकूर थोडा. इटालियन दालनात शाकाहाऱ्याची सोय उत्तम होते, पण तोच पास्ता वर बुफेत फुकट असतो, ही जाणीव प्रत्येक घासाला टोचत राहते. उरले जपानी, आणि त्यातले टेपानयाकी म्हणजे तापलेल्या लोखंडी पत्र्याभोवती घोड्याच्या नालाच्या आकारात बसून, आचाऱ्याची कसरत पाहत जेवावयाचे प्रकरण. आमच्या मंडळीने बहुमताने तेच पसंत केले.

आचारी फिलिपिन्सचा, हसतमुख आणि हातचलाखीत निष्णात. त्याने उलथन्यावर अंडे भिंगरीसारखे फिरवले, ते उंच उडवून टोपीत झेलले, कांद्याच्या चकत्यांचा डोंगर रचून त्याच्या शेंड्यातून वाफ काढली, आणि टाळ्या पडत असताना कोलंबीचा ढीग पत्र्यावर ओतला. त्याच क्षणी आमच्यातले एक निवृत्त कार्यकारी अभियंता, जे आयुष्यभर कधी कोणत्याही कामाला पाहणी केल्यावाचून मंजुरी देत नसत, ते टाय सारखा करून उभे राहिले आणि आमच्या भाज्या कोठे शिजणार, याची त्यांनी विचारणा केली. त्याच पत्र्यावर, असे उत्तर आले. मग जी वाटाघाट झाली ती भूमापन खात्याला शोभण्यासारखी होती. पत्र्याचा डावा कोपरा खरवडून, पाण्याने धुऊन, पुन्हा तापवून घेण्यात आला. कोलंबीचा मुलूख आणि टोफू-झुकिनीचा मुलूख यांच्यामध्ये एक वीतभर पट्टा निर्मनुष्य ठेवण्यात आला. आणि सीमेवर आमचे अभियंता नजर रोखून बसले. तेल मात्र उताराने वाहते, आणि बोट तर क्षणोक्षणी कलते. ती डावीकडे कलली की त्यांचा श्वास थांबे. शेवटी आचाऱ्याने रिवाजाप्रमाणे भाजीचा एकेक तुकडा उलथन्याने उडवून प्रत्येकाच्या तोंडात टाकण्याचा खेळ सुरू केला, तेव्हा ज्यांनी धरणाच्या भिंतींवर सह्या केल्या असे ते गृहस्थ कोट-टायनिशी आ वासून बसलेले आम्ही पाहिले. झुकिनी टायवर पडली. सीमेच्या कोणत्या बाजूची होती, हे त्यांनी पत्नीला दोनदा विचारले.

पोशाखाविषयी कंपन्यांची जी परिपत्रके निघतात ती वाचताना, हे लिहिणारे पूर्वी कोठल्या तरी सचिवालयात असावेत, असा संशय येतो. फॉर्मल रात्र, गाला रात्र, एलिगंट रात्र, शीक संध्याकाळ, स्मार्ट कॅज्युअल. प्रत्येकात काय घालावे याबद्दल मोघम आणि काय घालू नये याबद्दल नेमके. जीन चालेल पण फाटकी नको, सदऱ्याला कॉलर असावी, सपाता आणि बिनबाह्यांची बनियने यांस मज्जाव. ‘नॉर्वेजियन’ नावाच्या क्रूझ कंपनीने सन २००० मध्ये ‘फ्रीस्टाइल’ पद्धत काढून ठरलेली वेळ, ठरलेले मेज आणि सक्तीचा पोशाख तिन्ही रद्द केली. तरी हौशी लोकांसाठी नटा किंवा नटू नका अशा आशयाची एक रात्र ठेवलीच. ज्या हुकमाची अवज्ञा करणेच अशक्य, असा हुकूम काढणारे सरकार आम्ही दुसरे पाहिले नाही.

फॉर्मल रात्री खरी दैना होते ती पुरुषांची. विमान कंपनीने दिलेल्या २३ किलोंच्या मर्यादेत काळा सूट, काळे बूट आणि ते काळेच मोजे, एवढा ऐवज ज्याने सांभाळून आणला, त्याला तो घालताना कळते की, हा सूट लग्नाच्या रिसेप्शनसाठी शिवला होता आणि तेव्हाचे पोट निराळे होते. गुंडी लागते, पण बसता येत नाही. बसता येते, पण गुंडी लागत नाही. स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न आमच्या पूर्वजांनी येवले आणि पैठण येथे केव्हाच सोडवून ठेवला आहे. पैठणीला माप लागत नाही, ती वर्षांनी आटत नाही, आणि पदरावरचे मोर कोणत्याही झुंबराखाली उभे केले तरी झुंबरालाच खाली पाहावे लागते. मंडळीतल्या काकू हिरवी पैठणी आणि नथ घालून जिना उतरू लागल्या तेव्हा खालचा चौक, ज्यात हजारो डॉलरांचे गाऊन उभे होते, तो क्षणभर बोलावयाचा थांबला. त्यांच्या मागून गुंडी उघडी टाकून उतरणाऱ्या काकांकडे कोणाचेही लक्ष गेले नाही, आणि हीच त्यांची इच्छा होती.

त्या चौकात बोटीचे छायाचित्रकार पडदे लावून तयार असतात. एका पडद्यावर सूर्यास्त असतो, एकावर पुस्तकांची कपाटे, आणि एकावर जुन्या आगबोटीचा भव्य जिना रंगवलेला. खऱ्या जिन्यावरून नुकतीच उतरलेली माणसे त्या रंगवलेल्या जिन्यापुढे रांगेने उभी राहतात, हनुवटी वर करतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या छायाचित्राचे वीसेक डॉलर देतात. दुबार साऱ्याचा हा तिसरा हप्ता.

त्याच रात्री नऊच्या सुमारास कोणी वरच्या बुफेत डोकावले तर त्याला या संस्थेची दुसरी बाजू दिसेल. अर्ध्या विजारी, सपाता, टोप्या. ज्यांना सूट होत नाही, ज्यांच्या बॅगा विमानाने दुसऱ्याच शहरी पोचवल्या, ज्यांना कपाळावर आठी न घालता जेवावयाचे आहे, असे सर्व निर्वासित तेथे एकत्र येतात आणि परस्परांकडे पाहून मंद हसतात. ‘क्वीन मेरी २’सारख्या बोटीवर तर गाला रात्री न नटणाऱ्यांनी ‘किंग्ज कोर्ट’चा बुफे आणि अशाच काही ठराविक जागा यांतच वावरावे असा रीतसर दंडक आहे. आमच्या मते बोटीवरचे सर्वांत मोकळे संभाषण तेथे चालते. पण त्याची जाहिरात कोणी करीत नाही, कारण त्याचे पैसे घेता येत नाहीत.

आणि आता त्या गोव्याच्या वाढप्यांकडे येतो. मुंबईतल्या धोबी तलावाच्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडांत, मुक्काम करून बोटीची वाट पाहणाऱ्या ज्या तारवटींनी, म्हणजे बोटीवरच्या नोकरदारांनी, साहेबाचे सूप शंभर वर्षे वाढले, त्यांचे नातू आज भूमध्य समुद्रात हेड वेटर आहेत. आमच्या फुकटच्या भोजनगृहात आमच्या मेजावर मडगावकडचा एक गृहस्थ होता. दुसऱ्या रात्री त्याने काकूंच्या ताटातला उकडलेला फ्लॉवर पाहिला, आजूबाजूला नजर टाकली, आणि खाली वाकून हळूच म्हणाला, “आंटी, फाल्यां तुमकां भेंडे हाडटां.” तिसऱ्या रात्री भेंडीची भाजी, डाळ आणि भात आला; यादीत नाव नाही, पट्टी नाही, पावती नाही. शेजारच्या मेजावरच्या जर्मन दांपत्याने, हे कोणत्या रेस्टॉरंटातून मागवले आणि त्याला किती पडतात, असे आम्हांस विचारले. आठवडाभर एकाच मेजावर एकाच माणसाच्या हातचे जेवल्याने जी ओळख होते ती रोज नवे दालन गाठणाऱ्याला कधी मिळत नाही; कंपनीच्या दृष्टीने हा एक मोठा तोटाच असला पाहिजे.

तेव्हा जे कोणी जाणार असतील त्यांनी एवढे करावे. खास दालन पाहण्याची हौस असेल तर एकच पाहावे, आणि ते पहिल्या रात्री; त्या रात्री ती दालने ओस असतात आणि बहुधा दरात सवलतही मिळते. फॉर्मल रात्री मात्र मुख्य भोजनगृह सोडू नये, कारण लॉबस्टर खाणाऱ्यांना तो बहुतेक बोटींवर त्याच सुमारास आणि तिकिटातच मिळतो. पुरुषांनी सूट भाड्याने न आणता एक साधा काळा बंदगळा शिवून घ्यावा. राष्ट्रीय पोशाखाला जुन्या इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवरही मुभा आहे, आणि त्याला टाय लागत नाही. आणि डाळ हवी असल्यास ती आदल्या रात्री सांगून ठेवावी. आयत्या वेळी मागितली तर मसुराचे सूप येते, आणि त्यात क्रीम घातलेले असते.